वाचकांचे प्रश्न : सरहद्द संपली, मग सरहद्दीची वहिवाट का उरली?

प्रश्न : इंग्लंड-स्कॉटलंड सरहद्दीवरच्या कुळांना ‘टेनंट राइट’ नावाचा हक्क होता, असे वाचले. तो आपल्या मिराशीसारखा (वंशपरंपरेने जमीन कसण्याच्या हक्कासारखा) होता का? (वाचक, सातारा)

बराचसा तसाच. कंबरलंड, वेस्टमोरलंड, नॉर्थम्बरलंड आणि लँकेशायरचा उत्तर भाग इथे तो चाले. जमीन जमीनदाराची, पण कूळ ती वारसाहक्काने कसे, गहाण टाके, विकेही. खंड ठरलेला आणि पिढ्यानपिढ्या तेवढाच. मालक किंवा कूळ बदलले की नजराणा द्यायचा, त्याला ‘ग्रेसम’ किंवा ‘फाइन’ म्हणत. याखेरीज आणखी एक बोजा होता. सरहद्दीच्या वॉर्डनचा, म्हणजे सरहद्द राखणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्याचा, हुकूम आला की स्वतःच्या खर्चाने हत्यारे घेऊन, जमल्यास घोड्यासह, स्कॉट लोकांविरुद्ध उभे राहायचे.

नजराण्याचा हिशेब नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे भांडण कळत नाही. पुष्कळ गावांत ‘वीस पेनी फाइन’ होता, म्हणजे खंडाच्या प्रत्येक पेनीमागे २० पेनी (तेव्हा १२ पेनींचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड). वर्षाचा खंड ६ शिलिंग ८ पेन्स, म्हणजे ८० पेनी असेल, तर नजराणा १,६०० पेनी, म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. सोळाव्या शतकात धान्याचे भाव कित्येक पटींनी चढले आणि खंड मात्र जागच्या जागी राहिला. जमीनदाराला वाढीव उत्पन्नाची एकच वाट उरली, ती म्हणजे नजराणा वाढवणे. तोही वहिवाटीने बांधलेला असेल, तर हक्कच मोडून काढायचा.

प्रश्न : मग हक्क मोडायला निमित्त काय मिळाले? (वाचक, नाशिक)

एलिझाबेथ राणी मार्च १६०३मध्ये वारली आणि स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हाच इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर आल्यावर सरहद्द कसली? जेम्सने या भागाला ‘मिडल शायर्स’, म्हणजे राज्याच्या मधले परगणे, म्हणायला सुरुवात केली. एकमेकांच्या प्रजेविरुद्धचे जुने कायदे इंग्लंडच्या पार्लमेंटने १६०७मध्ये रद्द केले. त्यावरून जमीनदारांनी सरळ युक्तिवाद केला : जमीन चाकरीसाठी दिली होती, चाकरी संपली, तेव्हा हक्कही संपला. म्हणजे मिरासदार एका रात्रीत उपरी, म्हणजे वंशपरंपरेचा हक्क नसलेले कूळ!

हे खुद्द राजघराण्यानेही करून पाहिले. वेस्टमोरलंडमधल्या केंडलच्या जहागिरीत जेम्सचा मुलगा युवराज चार्ल्स स्वतः मालक होता. तिथल्या कुळांनी २,७०० पौंड मोजून १६१९मध्ये आपली वहिवाट कोर्टाकडून कायम करून घेतली. पैसे भरून का होईना, हुकूमनामा हाती पडला. जुलै १६२०मध्ये मात्र जेम्सने जाहीरनामा काढला : यापुढे टेनंट राइट मानू नये, जमिनी लेखी पट्ट्यानेच द्याव्यात.

प्रश्न : कुळे त्यावर गप्प कशी बसली? (वाचक, सोलापूर)

बसली नाहीत. जानेवारी १६२१मध्ये केंडलजवळच्या स्टेव्हली इथल्या चॅपलमध्ये शंभरावर कुळे जमली आणि लढ्यासाठी वर्गणी काढायचे ठरले. त्याच वर्षी केंडलला एक नाटक झाले आणि त्यात जमीनदारांना चक्क नरकात दाखवले. सरकारने पुढाऱ्यांवर स्टार चेंबरमध्ये, म्हणजे राजाच्या सल्लागारांच्या व न्यायाधीशांच्या कोर्टात, खटला भरला.

कुळांची अडचण खरी इथे होती. आधीच्या दाव्यांत ‘आम्ही सरहद्द राखतो, म्हणून आमचा हक्क’ असे ती स्वतःच सांगत आली होती आणि तोच मुद्दा आता त्यांच्यावर उलटला. तेव्हा त्यांनी आधार बदलला. जमीन खंडावर, नजराण्यावर आणि गावच्या इतर देण्यांवर आहे. सरहद्दीची चाकरी प्रजा म्हणून राजाची होती, जमिनीची अट नव्हती. जून १६२५मध्ये कोर्टाने हे मानले. कुळांचे हक्क वारसाचे ठरले, सरहद्दीच्या चाकरीवर अवलंबून नसलेले. जाहीरनामा काढणारा जेम्स तोवर वारून तीन महिने होत आले होते आणि गादीवर केंडलचा तोच जुना मालक होता.

प्रश्न : निकाल असा लागला, तर नॉर्थम्बरलंडमधला हक्क का बुडाला?

कारण तिथल्या बऱ्याच कुळांनी आधीच पट्टे घेतले होते. २१ वर्षांचा पट्टा पाहिला की तो भक्कम वाटतो. कागद हातात असतो, मुदत लिहिलेली असते. पण कुळाने त्यावर सही केली की आपण वहिवाटीने नव्हे, कराराने बसलो आहोत हे त्याने कबूल केले. मुदत संपली की नवा खंड मालक म्हणेल तो, आणि मुलाचा हक्क शून्य. जाहीरनाम्याने जे जमले नाही, ते पट्ट्यांनी बिनबोभाट केले. आमच्या मते या प्रकरणात सर्वांत कमी चर्चा होणारी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

प्रश्न : आपल्याकडच्या वतनांची तुलना होईल का? (वाचक, कोल्हापूर)

अर्धीच. परगणा व कुलकर्णी वतने १९५०च्या आणि कनिष्ठ गाववतने १९५८च्या मुंबई कायद्याने गेली. चाकरी संपवताना जमीन पुन्हा वतनदाराला देण्याची सोय कायद्यातच होती. जेम्सच्या जाहीरनाम्यात तसे काही नव्हते.

प्रश्न : मग टेनंट राइट शेवटी कधी संपला? (वाचक, ठाणे)

१ जानेवारी १९२६ रोजी, १९२२च्या मालमत्ता कायद्याने. कुळे पूर्ण मालक झाली, जमीनदारांना देणी बुडाल्याची भरपाई मिळाली. पण जमिनीखालची खनिजे आणि शिकारीचे हक्क जमीनदारांकडेच राहिले. नोंद नसलेल्या अशा हक्कांचे आपोआप मिळणारे संरक्षण ऑक्टोबर २०१३मध्ये संपणार होते, म्हणून त्याआधी अनेक जमीनदारांनी घाईने नोंदी केल्या. आपल्या घराखालच्या दगडावर दुसऱ्याचा हक्क आहे, हे कित्येक घरमालकांना नोंदणीच्या नोटिशीनेच कळले.