अमेरिकेत घातक रसायनांची मालगाडी चालकाविना सुटली, तर कोणाला कळवायचं?

सर्वात आधी वाटेवरच्या गावांच्या अग्निशमन दलाला आणि पोलिसांना. मृत्यू, गंभीर इजा किंवा गळतीमुळे लोकांना हलवावं लागलं, तर नॅशनल रिस्पॉन्स सेंटरला (घातक पदार्थांच्या गळतीची खबर घेणारं केंद्र सरकारचं कार्यालय) शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 12 तासांत फोन सक्तीचा आहे. पण सुटलेल्या गाडीपुढे 12 तास म्हणजे फारच झाले! 15 मे 2001 रोजी ओहायोत 47 डब्यांची गाडी रिकाम्या इंजिनासह सुमारे 105 किलोमीटर धावली. त्यातल्या दोन टाकीच्या डब्यांत वितळलेलं फिनॉल हे विषारी रसायन होतं. दोन तासांच्या आत ती थांबवली गेली. जून 2024 च्या नियमानुसार अपघात किंवा गळती झाल्यास कोणत्या डब्यात काय आहे, याची माहिती रेल्वे कंपनीने स्थानिक बचाव दलांना स्वतःहून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायची असते. हे फार आधीच व्हायला हवं होतं.