लो व्हिजनमध्ये नवीन आहेस ना, मग सुरुवात इथून कर

भाऊ, जळगावात राहून लो व्हिजनचं काम (चष्मा लावूनही नीट न दिसणाऱ्यांना उरलेली नजर वापरायला मदत करणं) करायचं म्हणतोस हे वाचून खरंच बरं वाटलं, आपल्या भागात या कामाची फार गरज आहे. मॅग्निफायरचं, म्हणजे भिंगांचं, कपाट भरायच्या मागे आत्ताच लागू नको.

पेशंट बसला की आधी विचार, काय करता येत नाहीये? कोणाला काट्यावरचं केळीचं वजन वाचायचंय, कोणाला पोथी, पोराला फळ्यावरचं. तेच एक काम धर. मी सुरुवातीला रावेरकडच्या एका आजींना नुसतं जवळचं वाचायचं भिंग दिलं होतं आणि त्यांना खरं तर दारात कोण आलंय ते ओळखायचं होतं, भिंग पेटीतच राहिलं, अजून वाईट वाटतं.

नवीन लोकांच्या चुका ह्याच:

- रिफ्रॅक्शन, म्हणजे चष्म्याच्या नंबरची तपासणी, नीट न करताच भिंग देणं. आधी चष्मा, मग बाकी.
- सरळ जास्त पॉवर देणं. नजर 6/60 (इतरांना 60 मीटरवरून दिसतं ते याला 6 मीटरवरून) असेल तर साधारण 10 डायॉप्टरपासून (भिंगाच्या पॉवरचं माप) सुरू कर, पण वाचायचं अंतर 10 सेंटीमीटरच राहतं हे स्वतः धरून दाखव, नाहीतर घरी जाऊन ते लांब धरतात आणि म्हणतात दिसत नाही.
- उजेड आणि कॉन्ट्रास्ट विसरणं. टेबललॅम्प, जाड काळा मार्कर, भातासाठी गडद रंगाचं ताट, यात खर्च कितीसा?

आणि "आता काही होणार नाही" हे वाक्य तोंडातून काढूच नको. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) माहिती पहिल्याच भेटीत दे, लांबचं बघायचा टेलिस्कोप वगैरे नंतर बघू.