नोटिशीचा गोंद ओला, तारीख मात्र जुनी

प्रश्न: मी नागपूरला मानेवाड्यात भाड्यानं राहतो, गाव हिंगणा तालुक्यात, मतदान गावालाच. 14 ऑगस्टला संध्याकाळी गावात गेलो तर शिपाई ग्रामपंचायतीच्या ग्रिलच्या आतल्या बोर्डवर दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेची नोटीस चिकटवून राहिला होता, गोंद ओलाच, अन् खाली तारीख 7 ऑगस्ट! विचारलं तर एक मेंबर म्हणे, व्हाट्सअपवर टाकली ना, तसेही तुम्ही आता नागपूरचे झाले. काही करता येते का?

उत्तर: भाऊ, आधी ते नागपूरवालं निकालात काढू. गावच्या मतदार यादीत नाव आहे म्हणजे तुम्ही ग्रामसभेचे सदस्य, झोपता कुठं हा प्रश्नच नाही. नोटीस नेहमीच्या ग्रामसभेला 7 दिवस आधी अन् विशेष ग्रामसभेला 4 दिवस आधी निघायला पाहिजे, वरून दवंडीपण. व्हाट्सअप ग्रुप म्हणजे वरची सोय, त्या ग्रुपवर अर्धं गाव नसतेच, म्हाताऱ्या बाया तर नाहीच नाही.

आता हे असं काहून होते? कोरम पाहा. 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल ते, एवढे जमले नाही की सभा तहकूब, अन् तहकूब सभेला कोरमच लागत नाही. म्हणजे लोकांना कळलंच नाही तर पहिली सभा आपोआप पडते, अन् पुढच्या वेळी वीस-पंचवीस घरचेच लोक सतरंजीवर बसून घरकुलाची यादी मंजूर करून मोकळे. सगळीकडे मुद्दाम करतात असं नाही म्हणत मी, पण मागची तारीख टाकली म्हणजे नियम माहीत होता ना!

फोटो काढला असेल तर मोबाईलमधली ओरिजिनल फाईल डिलीट करू नका, त्यात वेळ असते. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. नोटिशीची प्रत, दवंडीची नोंद, हजेरीच्या सह्या अन् प्रोसिडिंग बुकातली, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची, त्या दिवशीची पानं मागा. 'उशीर का केला' असं विचारू नका, कारणं विचारली की अर्ज उडवतात, कागद मागितले की द्यावे लागतात. अर्जाच्या झेरॉक्सवर पोचचा शिक्का घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. पंचायत समितीत बीडीओंकडे, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांकडे, तक्रार आजच द्या, अर्जाच्या उत्तरासाठी थांबायची गरज नाही. फक्त तक्रारीत शिपायाचं नाव टाकू नका, त्याला चिकटव म्हटलं, त्यानं चिकटवली.