घरी सगळं येतं, पेपरात विसरते

सहामाहीचे पेपर मुलांच्या हातात पडले की माझे फोन वाढतात. शाळा वेगळी, घर वेगळं, पण वाक्य तेच असतं: "मॅडम, घरी सगळं येतं हो तिला. पेपरात विसरते." ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत कळव्याहून, ऐरोलीहून, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून पालक येतात. विषय बहुतेकदा विज्ञान भाग 1 असतो, आणि त्यातही दहावीचा तिसरा धडा, 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे'. निदान घरीच झालेलं असतं: परीक्षेची भीती. माझ्याकडून हवा असतो तो भीतीवरचा उपाय, म्हणजे श्वासाचा एखादा व्यायाम, एकाग्रतेचं काहीतरी.

श्वासाचा व्यायाम मी शिकवते, त्याचा उपयोगही होतो. पण अशी इतकी मुलं पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. यातल्या बऱ्याच मुलांचं मूळ दुखणं भीती हे नसतंच. भीती मागाहून आलेली असते.

एका मुलीची गोष्ट सांगते. तिला सायली म्हणू. नाव आणि काही तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींचं बोलणं इथे थोडक्यात घेतलं आहे.

सायली ऐरोलीची. वडील रबाळे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत प्लांट ऑपरेटर, आई शिकवण्या घेणारी. भाषेत, इतिहासात, गणितात उत्तम गुण. विज्ञान भाग 1 मध्ये 40 पैकी 17. पेपर बघितला तर रसायनाचे प्रश्न जवळजवळ कोरे होते.

"पन्नास समीकरणं संतुलित करून घेतली मी तिच्याकडून," आई म्हणाली. "एक चुकलं नाही."

वडील त्याहून दुखावलेले. "मी बारा वर्षं रिअ‍ॅक्टरवर आहे, मॅडम. आणि माझ्या पोरीला रिअ‍ॅक्शन जमू नये?"

दोघांना मी बाहेर बसायला सांगितलं. सायलीला पाणी दिलं, इकडचं-तिकडचं बोलून झालं, ती जरा सैलावली. मग एक कागद पुढे केला.

"हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी. समीकरण लिहितेस?"

टू एच टू, अधिक ओ टू, बाण, टू एच टू ओ. पेन कुठे अडखळलं नाही.

"छान. आता हेच गोल काढून दाखव. हायड्रोजनचे अणू लहान गोल, ऑक्सिजनचे मोठे."

आता ती थांबली. मग हायड्रोजनचे चार गोल एकाला एक चिकटवून माळ काढली. ऑक्सिजनचे दोन चिकटवले. बाणाच्या पुढे चार लहान आणि दोन मोठे गोल, सगळे एकाच घोळक्यात.

"यात पाण्याचे रेणू किती?"

"एक." मग घाईघाईने, "नाही, दोन. म्हणजे टू आहे ना पुढे, म्हणून सगळं डबल."

पुढचा दोन आणि खालचा दोन तिच्या लेखी सारखेच होते. पुढचा दोन म्हणजे दोन सुटे रेणू आणि खालचा दोन म्हणजे एका रेणूतले दोन अणू, हे तिला कुणी सांगितलं नसेल असं नाही. पण ते न कळताही पन्नासच्या पन्नास समीकरणं बरोबर येत होती, त्यामुळे कळून घ्यायची वेळच आली नव्हती.

मी आणखी एक विचारलं. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणात लोखंडी खिळा टाकला तर?

"विस्थापन अभिक्रिया. निळा रंग फिका होतो आणि खिळ्यावर तांबूस थर येतो." अगदी पुस्तकातलं वाक्य.

"निळा रंग गेला कुठे?"

"खिळ्याने शोषून घेतला."

"मग थर निळा का नाही?"

बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, असं पेपरात विचारत नाहीत."

तिच्या या वाक्यावर मी त्या संध्याकाळी पुष्कळ विचार केला. खोलीत घड्याळाची टिकटिक नव्हती, पर्यवेक्षक नव्हते, गुणही नव्हते. मुलगी शांत होती. तरी उत्तर येत नव्हतं. म्हणजे ही विसरण्याची तक्रार नव्हती. पालकांना मी हीच कसोटी सांगते: निवांत वेळी, चहा पिताना, आपल्या शब्दांत विचारलं तर येतं आणि वर्गात बसल्यावर जातं, तर भीतीवर काम करू. निवांत वेळीही येत नसेल, तर आधी विषयावर काम करू. भीतीचा बराच भाग त्यानेच उतरतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. 1985 साली यॅरोच या अमेरिकन संशोधकाने माध्यमिक शाळेतल्या मुलांना समीकरणं संतुलित करायला दिली आणि मग तीच रेणूंच्या चित्रांनी दाखवायला सांगितली. समीकरण बरोबर सोडवणाऱ्यांतल्याही अनेकांना चित्र जमलं नाही. स्कॉटलंडचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी 1991 साली त्यामागचं कारण फार सोपं करून मांडलं. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन ठिकाणी घडतं: डोळ्यांना दिसणाऱ्या रंग-वास-बुडबुड्यांत, न दिसणाऱ्या अणुरेणूंत, आणि कागदावरच्या चिन्हांत. जाणकार माणूस या तिन्हींत सहज ये-जा करतो आणि मूलही तसंच करत असेल असं धरून चालतो. सायली फक्त चिन्हांत राहत होती. आपल्या पेपरातल्या 'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नाचा हेतू मुलांना बाकीच्या दोन ठिकाणी न्यायचा आहे, पण शिकवण्यांतून ती कारणंसुद्धा तोंडपाठ करून घेतली जातात. मग प्रश्नाची शब्दरचना जराशी बदलली की मुलीला धरायला काही उरत नाही आणि ती पान कोरं सोडते. घरी आल्यावर सांगते, विसरले. तिच्यापाशी तेवढाच शब्द असतो.

माझी एक श्रद्धा आहे आणि ती वर्षानुवर्षं पक्कीच होत गेली आहे. मूल आमच्याकडे कोरं येत नाही. डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाने 1968 साली शिक्षणाबद्दल हेच आग्रहाने मांडलं: शिकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे ते शोधा आणि तिथून शिकवा. दुःखाबद्दल बोलणाऱ्या मुलाला मी मध्येच तोडत नाही, तसं चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलालाही तोडत नाही. त्या उत्तरामागे त्याचा स्वतःचा एक सुसंगत विचार असतो. तो पूर्ण ऐकून घेतला नाही, तर बरोबर उत्तर त्याच्यावर नुसतं ठेवलं जातं, आत जात नाही.

म्हणून पुढच्या भेटींत मी सायलीला काही शिकवलं नाही, फक्त विचारत गेले. लोखंड गंजतं तेव्हा काय होतं? "गंज लोखंड खातो." मग गंजलेला खिळा हलका होणार की जड? "हलका. खाल्लं ना." मेणबत्ती जळून जाते, मग ती जाते कुठे? "संपते." गॅसला वजन असतं का? "नाही. म्हणून तर वर जातो." वस्तुमान अक्षय्यतेचा नियम, म्हणजे अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही, तिला शब्दशः पाठ होता. तो समीकरणासाठी होता. मेणबत्तीसाठी आणि खाडीच्या वाऱ्याने गंजणाऱ्या ग्रिलसाठी तिच्याकडे वेगळे नियम होते, आणि दोन्ही सुखाने शेजारी नांदत होते.

एका भेटीला मी घरचा डिजिटल वजनकाटा आणला. एका उंच भांड्यात पाणी, शेजारी इनोची दोन पाकिटं फोडून वाटीत काढलेली पूड. सगळं एकदम काट्यावर ठेवलं आणि आकडा तिच्याकडूनच लिहून घेतला.

"आता पूड पाण्यात टाकायची आणि रिकामी वाटी परत काट्यावर ठेवायची. फेस बसल्यावर आकडा किती असेल? आधी लिही. कारणही लिही."

तिने लिहिलं: तेवढाच राहील, कारण गॅसला वजन नसतं.

पूड पडली, फसफस वर आली आणि हळूहळू खाली बसली. काट्यावरचा आकडा एक ग्रॅमने उतरला. थोड्या वेळाने आणखी एक ग्रॅम.

"काटा बिघडलाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, असेल. परत करून बघ. नवीन पाणी, नवीन पाकिटं. पुन्हा आकडा तसाच उतरला.

अशा वेळी शिक्षकाची जीभ शिवशिवते, पालकाची तर फारच. सांगून टाकावंसं वाटतं. मी गप्प बसले. समुपदेशनात मला सगळ्यात जास्त काही साधलं असेल तर ते हे गप्प बसणं.

ती भांड्याकडे बघत होती. "गेलं काय यातून? फक्त गॅस गेला." मग थांबून, "म्हणजे ते दोन ग्रॅम गॅसचे आहेत." पुन्हा शांतता. आणि मग खुर्चीत सरळ होत, मी न विचारलेलंच ती बोलली: "मॅडम, मग गंज चढताना ऑक्सिजन येतो ना हवेतून? त्यालाही वजन असणार. म्हणजे खिळा जड होतो?"

ऐकताना अंगावर काटा आला. तिने खाली वाकून स्वतःच हिशोब मांडला. लोखंडाचे दोन अणू 112, ऑक्सिजनचे तीन 48. 112 ग्रॅम लोखंडाचं 160 ग्रॅम ऑक्साइड होणार, गंजातलं पाणी वेगळंच. "पण आमच्या बाल्कनीचं ग्रिल तर बारीक झालंय," ती म्हणाली, आणि उत्तरही तिचंच: "पोपडे गळून पडतात म्हणून. ते गोळा करून तोलायला पाहिजेत." 1770च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए बंद भांड्यांत धातू तापवून वजनं करत होता, तो याच प्रश्नाच्या मागे होता, हे मी तिला नंतर सांगितलं. तिला ते फार आवडलं.

मोरचुदाचा निळा रंगही त्याच तासात सुटला. निळा रंग हा द्रावणातल्या तांब्याच्या आयनांमुळे, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंमुळे. तेच आयन खिळ्यावर धातू होऊन बसले, म्हणून थर तांबूस आणि द्रावण फिकं. लोखंड द्रावणात उतरलं, म्हणून हिरवट झाक.

त्या दिवशी वडील न्यायला आले होते. सायलीने दारातच त्यांना विचारलं, "पप्पा, तुमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये घातलेलं आणि निघालेलं वजन सारखं येतं?"

ते चकित झाले. "यावंच लागतं. किती चार्ज केलं, किती माल निघाला, व्हेंटमधून किती गेलं, सगळा हिशोब लागला पाहिजे. नाही लागला तर शिफ्टला जाब द्यावा लागतो." मुलीच्या पुस्तकातलं समीकरण आणि आपलं लॉगबुक एकाच गोष्टीबद्दल बोलतात, हे त्यांनी तोवर तिला कधी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर त्या घरात जेवताना काय बोलणं चालतं हे आई मला फोनवर सांगत असे. मला त्याचा अभिमान आहे.

पूर्वपरीक्षेत तिला 27 मिळाले. आकडा फार मोठा नाही, पण पेपरात एकही प्रश्न कोरा नव्हता, आणि जिथे चुकली तिथेही विचार दिसत होता.

पालकांना मी आता एवढंच सांगते की समीकरणांची संख्या वाढवू नका. एकच घ्या आणि तिन्ही अंगांनी विचारा: यात डोळ्यांना काय दिसेल, आत काय चाललं असेल त्याचं चित्र काढ, आणि मग लिही. चित्रासाठी वाटाणे आणि हरभरेही चालतात. दूध नासणं, तेल खवट होणं, चुनकळीवर पाणी टाकल्यावर ती तापणं, यांतलं जे घरात घडेल त्यावर आधी अंदाज बांधायला लावा. चुनकळी मात्र मोठ्यांनीच आणि लांबूनच हाताळावी, डोळ्यांत उडाली तर इजा होते. आणि उत्तर चुकलं की 'नाही' म्हणायच्या आधी 'तुला असं का वाटलं?' असं विचारा. यासाठी पालकाला रसायनशास्त्र यावं लागत नाही.

शिक्षक मित्रमैत्रिणींना माझी विनंती चाचणीबद्दल आहे. दहा समीकरणांऐवजी चार द्या, आणि प्रत्येकाखाली एक ओळ कारणाची किंवा चित्राची ठेवा. साठ मुलांच्या वर्गात हे अवघड आहे, मी जाणते. पण पाचच वह्या बारकाईने वाचल्या तरी वर्ग कुठे अडला आहे ते कळतं. आणि एखाद्या चाचणीवर आकडा न घालता नुसता शेरा लिहून बघा. 1988 साली रुथ बटलर या संशोधिकेने इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेली मुलं पुढे सुधारली; शेऱ्याबरोबर गुणही दिले तेव्हा तो फायदा दिसला नाही. मूल आकडा बघतं आणि पान उलटतं, हे तुम्ही रोज पाहता.

आणि खरीखुरी भीतीही असते, हे विसरू नका. निवांत वेळी मूल सगळं नीट समजावून सांगतं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, किंवा 'मी नसलेलीच बरी' असं काही तोंडातून निघतं, तर प्रयोग आणि चित्रं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी जवळच्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. रात्री कुणी मिळालं नाही तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.