अंगावर पिणाऱ्या बाळाला ‘डी’चे थेंब कशाला?

दूध भरपूर येतंय, सकाळचं कोवळं ऊनही दाखवतो, मग दीड महिन्याच्या बाळाला डॉक्टरांनी ‘डी’ जीवनसत्त्वाचे थेंब का दिले, असं तुझ्या सासूबाई विचारतायत. विचारणं रास्त आहे. तरी थेंब दे.

तुझ्या दुधातलं कॅल्शियम बाळाला पुरतं. पण ते आतड्यातून अंगात शोषलं जायला ‘डी’ लागतं, आणि आईच्या दुधात ते लिटरला साधारण पन्नासेक युनिटच. बाळाला रोज हवीत ४००. दूध वाईट आहे असा याचा अर्थ नाही, तेव्हा पावडरवर मुळीच जाऊ नकोस. हे जीवनसत्त्व मुळात उन्हात कातडीच तयार करते. आईलाच कमी असेल, आणि आपल्याकडे ते सर्रास असतं, तर बाळ जन्मतःच तोकडा साठा घेऊन येतं. हाडं मऊ राहतात ती यामुळे. मुडदूस म्हणतात तो हाच.

आता कोवळ्या उन्हाचं. ‘डी’ बनवणारे किरण सूर्य वर आल्यावर मिळतात, सकाळी सातला जवळपास नसतातच. बंद खिडकीच्या काचेतून तर येतच नाहीत. दुपारच्या उन्हात तान्ह्याला धरायचं नसतं. त्यात सव्वा महिना बाळ-बाळंतीण घरात, आणि कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट तुला मी काय सांगू, दुपटी वाळायची पंचाईत!

खरी काळजी मापाची. एका बाटलीत १ मिलीला ४०० युनिट, दुसरीत ८००, काहींत एका थेंबातच ४००. बाटली बदलली की लेबल वाच, ड्रॉपरही त्याच बाटलीचा वापर. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. तुला दिलेली ‘डी’ची ६०,००० युनिटची पुडी बाळापासून लांब ठेव. आणि तू ती घेतेस म्हणून बाळाचे थेंब बंद करू नकोस, नेहमीच्या डोसाने दुधात पुरेसं उतरत नाही.

पाय किंचित वाकडे दिसले म्हणून घाबरू नकोस, तान्ह्यांचे असतातच. मनगटं जाड वाटली, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागल्या, तर लवकर दाखव. झटका (फिट) आला तर मात्र रात्र असली तरी थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, किंवा जवळचा दवाखाना गाठ.

सहा महिन्यांनी नाचणीचं सत्त्व सुरू करशीलच. छान, त्यात कॅल्शियम भरपूर. ‘डी’ नाही. बाळ निदान वर्षाचं होईपर्यंत थेंब चालू ठेव, पुढचं डॉक्टर सांगतील.