मुलाचं नाव राशीच्या अक्षरावरूनच ठेवावं का? 'ठ' आलंय, नाव सुचवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा झालाय, हस्त नक्षत्राचं चौथं चरण, गुरुजींनी 'ठ' काढून दिलंय. बायकोला 'मल्हार' ठेवायचंय. तुमच्या आईचं म्हणणं, एक तर अक्षर जुळत नाही आणि वर ते सुनेच्या माहेरचं दैवत. म्हणून तुम्ही विचारताय, 'ठ'वरून आधुनिक नाव सुचवा.

'ठ'वरून ठेवण्यासारखं नाव नाही. शोधत बसू नका.

खरं भांडण अक्षराचं नाहीच, ते माहेरचं आहे. त्यात मी पुरती होरपळून निघालेय, म्हणून लिहितेय.

माझं माहेर मिरजेचं, सासर कऱ्हाडजवळचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर. नाव रघुनाथ. खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे, आणि गर्दीत 'पुढे सरका' म्हणायच्या आधी पंच दांडीवर टकटक वाजवायची सवय. घरीसुद्धा आम्हाला उठवताना बोटांनी पलंगाच्या कडेवर तसंच वाजवायचे. दहावीनंतर चुलते म्हणाले, पोरीला आता कशाला शिकवताय. अण्णांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलून घेतली आणि सांगलीला जाऊन माझा कॉलेजचा फॉर्म भरून आले. मला दिवस राहिले तेव्हा ते होते. बाळंतपणाला नव्हते.

मुलगा झाला आणि मी खाटेवरूनच नवऱ्याला सांगितलं, रघुनाथ ठेवायचं. तो हो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "आईच्या बापाचं नाव कुठं ठेवतात का? आजोबाचंच ठेवायचं तर आमच्याकडच्या ठेवा." मग गुरुजींचा कागद निघाला. कृत्तिकेचं पहिलं चरण, अक्षर 'अ', म्हणून 'अथर्व'. तेव्हा गल्लोगल्ली अथर्वच होते. मी हटेना, तेव्हा सासूबाईंनी शेवटचं काढलं, "पोराला रागावशील तेव्हा बापाच्या नावानं शिव्या देशील का?"

हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पूर्वी नातवाला आजोबाचं नाव ठेवायचे, पण सून सासऱ्याचं नाव कसं घेणार? म्हणून त्या पोराला घरभर बाळ, आप्पा, दादा असंच म्हणायचे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच. पण मी काही सून म्हणून हाक मारणार नव्हते. मी लेक होते. मी म्हटलं, अण्णांनी मला काय कमी रागावलंय, मी फेड करीन.

बारसं माहेरी, पहिलं असल्यामुळे. म्हणजे पाळणा आमचा, जेवण आमचं, घुगऱ्या आमच्या, ननंदेला साडी आमची, आणि नाव तेवढं सासरचं! हे तेव्हाही मला कळलं नव्हतं आणि आजही कुणी समजावून सांगितलेलं नाही. माझी आई मात्र गप्प होती. विधवा बाई, लेकीच्या सासरच्यांपुढे काय बोलणार. पाळण्यापाशी पुढेसुद्धा आली नाही, मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

वरवंट्याला टोपडं घालून झालं, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याखालून-वरून देऊन झालं. मग ननंद बाळाच्या कानाशी वाकली. सासूबाई शेजारीच. बायका पाठीत धपाटे घालायला हात उगारून उभ्या. कुर्रर्र झालं, धपाटे पडले, सगळ्यांनी विचारलं, काय ठेवलं? वन्सं सरळ उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "रघुनाथ."

कुणी काही बोललंच नाही. आत्यानं कानात सांगितलेलं नाव, ते परत कसं घेणार?

त्या असं करतील हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी साडीची घडी मोडताना एवढंच म्हणाल्या, "माझ्या पोराचं नाव मला बारशाच्या दिवशी कळलं होतं, वहिनी. तेही पाळण्यापाशी." त्यानंतर आमच्यात कितीतरी कुरबुरी झाल्या, जमिनीवरूनसुद्धा. पण त्या दिवसासाठी मी त्यांच्या पाया पडते, वय जवळपास सारखं असलं तरी.

सासूबाई आजही त्याला अथर्वच म्हणतात. तो 'ओ' देतो. माझा मोठा दीर मात्र अजून म्हणतो की पोराला म्हाताऱ्याचं नाव चिकटवलंस, पुण्यात हसतील. आता पोरगा पुण्यात शिकतोय, मित्र रघू म्हणतात, कुणी हसलेलं नाही. आणि हसले असते तरी मी हेच ठेवलं असतं. भाऊजी हे वाचणार आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता तुमचं अक्षर. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, म्हणजे एकशे आठ अक्षरं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे एक चरण साधारण सहा तासांचं. त्या सहा तासांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाला 'ठ'च आलंय. हिशेबानं दर शंभरेक मुलांत एक 'ठ'चं असायला हवं. तुमच्या शाळेत होतं का? माझ्या नव्हतं. म्हणजे ज्यांना 'ठ' येतं त्यांचे आईबाप काय करतात ते तुम्हीच ओळखा. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. 'ण'वरून नाव शोधायला सांगा तुमच्या गुरुजींना. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला तर 'ङ' आहे.

शिवाय शास्त्राचंच बोलायचं तर 'धर्मसिंधू'त बाळाला चार नावं सांगितली आहेत: देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. नक्षत्राचं वेगळं आणि हाक मारायचं वेगळं. जुन्या घरांत जन्मनाव पत्रिकेत राहायचं, पाटीवर व्यवहाराचं यायचं. तेव्हा पत्रिकेत 'ठ'चं काय हवं ते लिहा आणि घरी मल्हार म्हणा. आईंना शास्त्रच दाखवायचं असेल तर हे दाखवा.

आणि खंडोबा सुनेच्या माहेरचा, हे तर मला पटतच नाही. अर्ध्या महाराष्ट्राचं कुलदैवत आहे तो. जेजुरीला भंडारा उधळताना कोण कुणाचं माहेर विचारतं?

अगदीच घर मोडायची पाळी आली तर हस्ताची रास कन्या, आणि कन्येत 'प'ची अक्षरं भरपूर. पुष्कर, पार्थ, परीक्षित. पुष्कर तर हस्ताच्याच पहिल्या चरणात बसतं. पण हा माझा सल्ला नाही, तुम्ही नाव मागितलंत म्हणून दिलं. ते मोबाईलवरच्या याद्यांतलं रियांश, कियांश, अयांश तेवढं नको. प्रत्येकापुढे 'सूर्याचा अंश' लिहिलेलं असतं, आणि हाक मारली की अंगणातली तीन पोरं वळतात.

कागदाचं मात्र नीट करा. जन्माची नोंद एकवीस दिवसांत, ती नावाशिवायही होते. नाव वर्षभरात फुकट घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणून दवाखान्यात घाईनं कुणी काही लिहून देऊ नका, एकदा चढलेलं नाव बदलायचं म्हणजे फार खेटे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे जन्मदाखलाच लागतो. इंग्रजी स्पेलिंगही त्याच दिवशी ठरवा, आणि अंकशास्त्रवाल्याच्या सांगण्यावरून त्यात जादा अक्षरं घुसवू नका, बँकेत आयुष्यभर निस्तरावं लागेल.

आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. माझ्या वेळी हे असतं तर एक भांडण तरी कमी झालं असतं. तुमच्या आईंना हेही सांगा, पण नंतर कधीतरी. आत्ता नको.

तुमच्या आईंना मी ओळखत नाही. कदाचित त्यांना फक्त कुणीतरी आधी विचारायला हवं होतं. माझ्या सासूबाईंचंही थोडं तसंच असावं, त्यांना चारही मुलांची नावं त्यांच्या सासूनं ठेवलेली मिळाली. तेव्हा नाव ठरवून झाल्यावर सांगायला जाऊ नका, बसून बोला. बोलून नाही पटलं तरी मल्हारच ठेवा.

तुम्हाला बहीण आहे का, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. असेल तर बारशाच्या आधी तिला फोन करा. तुम्ही नको, बायकोला करू द्या.