वारकरी संस्थेत मोठी मुलं माझ्या मुलाला मारतात, महाराज म्हणतात ‘सोसायला शिकू दे’. मी काय करू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा ११ वर्षांचा, आळंदीतल्या एका खासगी संस्थेत दोन वर्षांपासून राहतो. सुट्टीला घरी आलाय आणि परत जायचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखतं. रात्री अंथरूण ओलं होतं, जे आधी कधी होत नव्हतं. मोठी मुलं पाय चेपून घेतात, नाही म्हटलं तर टाळाच्या दोरीने मारतात. महाराजांना फोन केलात तर ते म्हणाले, ‘ज्ञानोबांनीही याच गावात सोसलं, त्याशिवाय घडत नाही.’ आणि मुलाने तुम्हाला शपथ घातलीय की कुणाला सांगायचं नाही.

आधी एवढंच सांगतो: सुट्टी संपली म्हणून त्याला लगेच पाठवू नका. चार दिवसांची शाळा बुडाली तर भरून निघेल.

मी स्वतः पाचवीत असताना परभणी जिल्ह्यातून आळंदीला गेलो. साल १९९८. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेली जुनी वारकरी शिक्षण संस्था वेगळी. माझी त्यानंतर निघालेल्या कितीतरी छोट्या खासगी संस्थांपैकी एक होती. पत्र्याचा एक हॉल, साठेक पोरं, भिंतीला लावलेल्या पत्र्याच्या पेट्या, त्यांवर वळकट्या. पहाटे चारला उठायचं, काकडा, पाठांतर, मग गावातली शाळा, संध्याकाळी हरिपाठ, पखवाज, जेवण, झोप. आज माझ्या हातात जी कला आहे ती तिथली आहे आणि गेली बारा वर्षं मी मुलांना पखवाज शिकवतो. म्हणून कुणी असं समजू नये की मी संप्रदायाच्या बाहेरून बोलतोय.

मारहाण कशी चालते ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय महाराजांशी काय बोलायचं हे ठरणार नाही. आमचे महाराज चांगले कीर्तनकार होते. सप्ताहांचा हंगाम आला की चार-चार, आठ-आठ दिवस बाहेरगावी. मागे हॉल कुणी सांभाळायचा? तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पोरांनी. ‘ज्याचं पाठांतर झालं नाही त्याला तू बघ’ असं सांगून महाराज गाडीत बसायचे. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हातात छडी आली की पाठांतर हे निमित्त उरतं. आधी न आलेल्या श्लोकाबद्दल फटका, मग आवाज चढवला म्हणून, मग घरून आलेला चिवड्याचा डबा दिला नाही म्हणून. पाय चेपणं, धोतर धुणं, आंघोळीचं पाणी भरून ठेवणं, या सगळ्याला ‘सेवा’ म्हणायचं. सेवेला नाही म्हणणारा पोरगा लगेच अहंकारी ठरतो. बाहेरच्या शाळेत दादागिरी करणाऱ्याला निदान आपण दादागिरी करतोय हे ठाऊक असतं. इथे मारणाऱ्यालाही वाटतं की आपण धाकट्याला वळण लावतोय. मी हे खात्रीने सांगतो, कारण चौथ्या वर्षी छडी माझ्या हातात होती आणि मीही मारलं. त्यातल्या एका पोराची मी मोठेपणी घरी जाऊन माफी मागितली. तो काही बोलला नाही, चहा दिला.

म्हणून त्या मोठ्या पोराला गाठून दम देऊ नका आणि मुलाच्या मामालाही पाठवू नका. रात्री तुमचा मुलगा त्याच हॉलमध्ये असतो. ‘घरी सांगितलंस काय?’ हे अंधारात विचारलं जातं.

ज्ञानोबांचं नाव घेऊन गप्प बसवणाऱ्यांबद्दल मला फार राग आहे. त्या चार भावंडांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून आळंदीने वाळीत टाकलं, ही कथा खरीच तशी सांगितली जाते. पण संप्रदायाने त्या छळाला कधी गुरुकुल म्हटलेलं नाही. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानोबांनी ताटी लावून घेतली, तेव्हा धाकटी मुक्ताई ताटीबाहेर येऊन उभी राहिली, त्यांना हाका मारत राहिली. आपलं माणूस दाराशी आलं, एवढं तरी त्या कथेतून घ्या. शिवाय वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात वय बघत नाहीत. धाकट्याकडून पाय चेपून घेणं यात कुठे बसतं, हे महाराजांना नम्रपणे विचारा.

मुलाशी बोलताना ‘कोण मारतं?’ असं थेट विचारू नका. शेतात, गाडीवर, कुठेतरी शेजारी शेजारी असताना विचारा: तुझी वळकटी कुठे असते, शेजारी कोण झोपतं, रात्री दिवा असतो का, संडासला कुणाबरोबर जातोस, महाराज गावाला गेले की कोण बघतं. पोरं प्रसंग सांगतात, तक्रार सांगत नाहीत. अंगावर वळ असतील तर फोटो काढून ठेवा, तारखेसह लिहून ठेवा. अंथरुणाबद्दल रागावू नका. डॉक्टरांना दाखवा, कागद जपून ठेवा. आणि एक गोष्ट घशाशी आली तरी विचाराच: रात्री कुणी अंगाला हात लावतं का. याचं उत्तर ‘हो’ आलं तर संस्थेशी चर्चा करत बसायचं नाही. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२चा आहे. त्यात कळलेली गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं असं कृत्य दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, पोलीस गणवेशात नसतात, नाव बाहेर येऊ देत नाहीत. ‘पोरगं पोलीस ठाण्यात बसवायचं का’ या भीतीने पुष्कळ आईबाप गप्प बसतात, म्हणून हे सांगितलं.

बाकी मारहाणीबद्दल लोक तुम्हाला सांगतील की शाळेत मारायला बंदी आहे. ते खरं आहे, पण शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि मदरसे, वेदपाठशाळा, मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या गेल्या. म्हणजे तुमचा मुलगा दिवसा ज्या शाळेत जातो तिथे हा कायदा आहे, संध्याकाळी ज्या हॉलमध्ये परततो तिथे नाही. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे असं सांगितलं तरी ती ट्रस्टची नोंदणी झाली. मुलांना सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था कुणी तपासली, हे त्यातून कळत नाही. पण २०१५चा बाल न्याय कायदा तिथेही लागू आहे. त्याच्या कलम ७५ प्रमाणे ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूरपणे वागवलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर गुन्हा होतो, आणि मुलांचा सांभाळ सोपवलेल्या संस्थेचा चालक असेल तर सक्तमजुरी पाच वर्षांपर्यंत आहे. मोठी पोरं १८च्या आतली असतील तर त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. त्यांना तुरुंगात टाकणं हा हेतू नसतो, हेही मनात असू द्या. तीही कुणाची तरी पोरं आहेत आणि त्यांच्या हातात छडी दुसऱ्याने दिलेली आहे.

१०९८ वर फोन करा. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, लहान मुलांसाठीच आहे. मुलालाही तो नंबर पाठ करायला लावा. दिवसाच्या शाळेतल्या वर्गशिक्षकांना भेटा, कारण वर्गात डुलक्या घेणारं पोर त्यांना रोज दिसत असतं. पुण्याच्या बाल कल्याण समितीकडे लेखी अर्ज करता येतो. आळंदी पोलीस ठाणं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं.

महाराजांना भेटायला जाल तेव्हा अर्ज लिहूनच न्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मागण्या थोड्या ठेवा. रात्री हॉलमध्ये एक मोठा माणूस झोपला पाहिजे, विद्यार्थी नव्हे. महाराज सप्ताहाला गेले तरी झोपला पाहिजे. बारा वर्षांखालच्या मुलांची झोपायची जागा वेगळी हवी. कुणाही विद्यार्थ्याने दुसऱ्याला मारायचं नाही, स्वतःची सेवा करून घ्यायची नाही. मुलाला घरी फोन करताना शेजारी कुणी उभं राहायचं नाही, आणि तुम्ही न कळवता आलात तरी भेट मिळाली पाहिजे. चांगल्या संस्था याला लगेच हो म्हणतात, मी अशा पाहिल्या आहेत. जिथे ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ एवढंच उत्तर मिळेल, तिथून पेटी आणि वळकटी त्याच दिवशी उचला. शाळेच्या दाखल्यासाठी अडू नका. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून गावची शाळा आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. पखवाज घराजवळही शिकता येतो, माझ्याकडे अशी नऊ पोरं येतात.

शेवटी शपथेचं. ती मोडा, पण मोडण्याआधी मुलाला सांगा की मी मोडणार आहे, कुणाला सांगणार आहे आणि त्यानंतर तू एकही रात्र त्या हॉलमध्ये एकटा असणार नाहीस. तो रडेल, चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. मीही आईला अशीच शपथ घातली होती, दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत, चुलीपाशी. आईने ती पाळली. पाडव्यानंतर वडील मला एसटीत बसवून परत सोडून आले.